विस्तव बदलला, वांगे तेच

मार्गशीर्ष उजाडला की आमच्या घरात वांग्याचा विषय निघतो. आषाढात कांदेनवमीला कांदा, लसूण आणि वांगे ह्यांचा निरोप घ्यावयाचा आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखविल्यावाचून पुन्हा वांग्याला हात लावावयाचा नाही, हा नेम पाळणारी मराठी घरे हैदराबादेत अजून आहेत. एके काळी ती सुलतान बाजार, गौलीगुडा, काचीगुडा, बरकतपुरा ह्या वस्त्यांत एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होती. आता ती मियापूर-कोंडापुरापर्यंत पांगली आहेत; कोणी पाचव्या मजल्यावर राहते, कोणी पंधराव्या. देव्हारा बरोबर गेला, पोळपाट-लाटणे गेले, कोणी कोणी हौसेने पाटा-वरवंटाही नेला. मागे राहिला तो विस्तव. आणि भरीत हा तर मुळी विस्तवाचाच पदार्थ!

आमच्या बिऱ्हाडाचेही असेच झाले. तीन वर्षांपूर्वी काचीगुड्याचे जुने घर सोडून आम्ही मुलाच्या नव्या जागेत, आठव्या मजल्यावर राहावयास आलो. जागा मोठी, हवेशीर, पाण्याची चोवीस तास सोय. तक्रारीला कोठे जागा नाही. स्वयंपाकघरात मात्र ज्योत नाही. काळ्या काचेची एक सपाट विजेची शेगडी आहे. तिच्यावर भांडे ठेवले की भांडे तापते, पण खाली काही दिसत नाही. आमच्या मातोश्री शहाऐंशी वर्षांच्या आहेत. काचबिंदूने त्यांची दृष्टी अधू झाली आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी त्या काचेवरून हात फिरविला आणि विचारले, "ह्याच्यात विस्तव कुठाय?" सूनबाईंनी समजावून सांगितले. मातोश्री ऐकून घेऊन म्हणाल्या, "बरं झालं, पोरींचे डोळे वाचले." तो विषय तेथे संपला असे आम्हांला वाटले.

पुढे चंपाषष्ठी आली. सूनबाई कामाच्या घाईतही कुलधर्म निगुतीने करणारी. तिने दोन मोठी वांगी आणली, धुऊन पुसून चकाकत्या कागदात गुंडाळली, विजेच्या भट्टीत ठेवली, तासाभराचा काटा लावला आणि ती रोडग्याच्या पिठाकडे वळली. थोड्या वेळाने मातोश्री आपल्या खोलीतून भिंत धरीत धरीत आल्या, दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, वांगं भाजायलीस का उकडायलीस?"

कागद उलगडल्यावर पाहतो तो वांगे मऊ झाले होते, पण फिकट, पाणीदार. साल चामड्यासारखी ओली. नैवेद्य झाला, आम्ही सर्वांनी जेवणही केले; पण त्या भरतात मीठ, मिरची, लसूण सारे असून ओळखीचे काही नव्हते. मातोश्री पानावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी भरीत बोटाने चाखले आणि रोडगा दुधात कुस्करून खाल्ला. त्यांचे ते न बोलणे सूनबाईंना फार लागले, हे आम्हांला रात्री कळले.

दृष्टी नसलेल्या बाईने दहा हातांवरून, झाकलेल्या भट्टीतील वांगे उकडत आहे हे कसे ओळखले, हा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. त्याचा शोध घेता घेता जे कळले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या भाषेत विस्तवाच्या कामाला किती शब्द आहेत, हे एकदा मोजून पाहावे. उकडणे, शिजणे, रांधणे हे पाण्याचे शब्द. तळणे, परतणे हे तेलाचे. भाजणे, शेकणे, खरपूस होणे हे कोरड्या आचेचे. आणि त्या आचेचा अतिरेक झाला की पोळणे, होरपळणे, करपणे, कोळसा होणे. विस्तवही एक नाही: जाळ निराळा, निखारा निराळा, आर निराळी आणि निखाऱ्यावर राख धरली म्हणजे होणारा फुफाटा निराळा. 'आगीतून फुफाट्यात' हे माणसाच्या दुर्दैवाचे वर्णन झाले. रताळ्याच्या दृष्टीने पाहिले तर ते भाग्यच म्हणावयाचे, कारण जाळावर धरलेले रताळे बाहेरून जळते आणि आत कच्चे राहते, तर फुफाट्यात पुरलेले मधासारखे होते. हे शब्द ज्यांनी घडविले त्यांना कोणत्या आचेवर काय ठेवावे हे नेमके ठाऊक होते.

ह्यामागचे शास्त्र अवघड नाही. पाणी असेपर्यंत पदार्थाचे तापमान पाण्याच्या उकळबिंदूच्या वर जात नाही. आपले शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंच असल्यामुळे येथे पाणी १०० अंशांच्याही थोडे आधी, सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. भाजल्याचा म्हणून जो रंग आणि वास असतो तो मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे जलद धरू लागतो. तेव्हा भाजीतील साखर आणि प्रथिनांचे घटक ह्यांचा संयोग होऊन शेकडो नवे गंध निर्माण होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार ह्यांनी १९१२ साली ह्या क्रियेचे वर्णन केले म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. तात्पर्य असे, की पृष्ठभाग कोरडा झाल्याशिवाय भाजणे सुरूच होत नाही. कागदात गुंडाळलेल्या वांग्याची वाफ कागदातच कोंडली. वांगे तासभर स्वतःच्या वाफेत उकडत राहिले. मातोश्रींच्या नाकाला जो वास यावयास हवा होता तो येत नव्हता, एवढेच त्यांनी ओळखले होते.

वांगे ह्या विद्येला फार सोयीचे फळ आहे. त्याचा गर स्पंजासारखा, हवेने भरलेला असतो. उष्णता लागली की त्या पोकळ्या कोसळतात, गर आकसतो आणि लोण्यासारखा होतो. बाहेरची जाड साल स्वतः जळून आतल्या गराचे रक्षण करते. म्हणजे वांगे आपले भांडे आपल्याबरोबर घेऊन येते! पुन्हा ते अस्सल आपल्या भूमीतले. मिरची, टोमॅटो, बटाटा, रताळे, मका ही मंडळी अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आली. वांगे त्यांच्या कितीतरी आधीपासून येथे भाजले जात होते. येथून ते पश्चिमेकडे गेले. सीरिया-लेबनॉनकडे विस्तवावर भाजलेल्या वांग्यात तीळ वाटून आणि लिंबू पिळून 'बाबा गनूश' करतात; जपानात भाजलेले वांगे सोलून त्यावर आले किसून घालतात. विस्तव आणि वांगे ह्यांची ओळख जगाला करून द्यावी लागली नाही.

आपल्याकडे तर दर जिल्ह्याला भरीत वेगळे. खानदेशात थंडीच्या दिवसांत मोठी, हिरवी, पांढरट रेघांची वांगी तुरीच्या नाही तर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात आणि हिरवी मिरची-लसणासह लाकडी भांड्यात ठेचतात. जळगावच्या ह्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. देशावर दह्यातले, वरून फोडणी दिलेले भरीत. आमच्या मराठवाड्याकडचे कच्चे भरीत: भाजलेले वांगे, बारीक चिरलेला कांदा, ठेचलेली मिरची, शेंगदाण्याचे कूट आणि वरून करडईचे कच्चे तेल. आणि ह्या शहरात आल्यावर शेजारच्या तेलुगू घरात पाहावे तर तेथेही वांगे निखाऱ्यावर भाजून, उखळात चिंच-मिरचीबरोबर कुटून, मोहरी-उडदाच्या डाळीची फोडणी दिलेली पच्चडी. जुन्या शहरातील मुसलमान घरांत बघारे बैंगनासाठी वांगे तेलात तळतात, पण तीळ, दाणे, खोबरे, सारे वाटण आधी तव्यावर भाजलेलेच असते. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशात राहिले, २०१४ पासून ते तेलंगणात आहे. राज्यांच्या सीमा अशा वरचेवर हलल्या. भाजलेल्या वांग्याला त्यांची खबर नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळतो.

प्रथम निवड. १९९९ च्या जानेवारीत सुरू झालेल्या रयतु बाजारांमुळे शेतकऱ्याच्या हातची ताजी वांगी शहरात मिळू लागली. तेथे सकाळी लवकर जावे. वांगे आकाराच्या मानाने हलके, कांती तकतकीत, देठ हिरवा असा पाहावा. जड वांग्यात बहुधा बी अधिक आणि जून. साडेतीनशे ते चारशे ग्रॅमचे एक वांगे दोघांना पुरते. भरल्या वांग्याची लहान जांभळी वांगी भाजू नयेत. साल जळते तोवर आत काही उरत नाही.

ज्यांच्याकडे गॅस आहे त्यांनी वांगे धुऊन कोरडे पुसावे. उभी एक चीर देऊन आत कीड नाही ना हे पाहावे. हवी तर त्या चिरेत लसणाच्या चार पाकळ्या खोचाव्यात. सुरीने आणखी तीन-चार ठिकाणी टोचावे. ही टोचणी विसरू नये. आत कोंडलेल्या वाफेने वांगे फुटते आणि हात पोळतो. तेलाचा हात लावून मध्यम ज्योतीवर जाळीवर ठेवावे आणि दर दोन-तीन मिनिटांनी चिमट्याने फिरवावे. पंधरा ते वीस मिनिटांत देठाजवळचा भागही मऊ होतो. परीक्षा तेथेच करावयाची, पोटाशी नव्हे, कारण देठाकडचा भाग सर्वांच्या शेवटी शिजतो. मग ते दहा मिनिटे झाकून ठेवावे. वाफेने साल सुटते. साल काढताना वांगे नळाखाली धरण्याचा मोह टाळावा; पाण्याबरोबर भाजल्याचा वासही वाहून जातो. वाटीत पाणी घेऊन बोटे ओली करावीत आणि सोलावे. चुकून राहिलेल्या चार काळ्या ठिपक्यांनी बिघडत नाही, मात्र कोळसा झालेला भाग चवीसाठी म्हणून ठेवू नये. जाळाने काळ्या झालेल्या अन्नात शरीराला अपायकारक द्रव्ये असतात, आणि पिष्टमय पदार्थ अति भाजले तर ॲक्रिलामाइड नावाचे द्रव्य होते हे २००२ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. बटाटा, रताळे सोनेरी झाले की थांबावे.

विजेची भट्टी असेल तर पुढीलप्रमाणे करावे. हे आमच्या सूनबाईंनी तीन वांगी वाया घालवून मिळविलेले ज्ञान आहे. भट्टी २२० ते २३० अंशांवर आधी चांगली तापू द्यावी. वांगे टोचून, तेल लावून, उघडेच जाळीवर ठेवावे; कागद, झाकण काही नको. खाली थाळी ठेवावी, म्हणजे गळणाऱ्या रसाने भट्टी खराब होत नाही. चाळीस ते पन्नास मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात तीनदा फिरवावे लागते. शेवटची पाच-सात मिनिटे केवळ वरची तार चालू ठेवून वांगे तिच्या जवळ सरकवावे, की साल करपू लागते. घरगुती लहान भट्टीला ह्या साऱ्यास सुमारे एक युनिट वीज लागते. म्हणून भट्टी एका वांग्यासाठी पेटवू नये. त्याच वेळी दुसऱ्या थाळीत कांदे सालीसकट, टोमॅटो, ढोबळी मिरची, लाल भोपळ्याच्या जाड फोडी तेल चोळून ठेवाव्यात. फोडींमध्ये बोटभर अंतर हवे. दाटीवाटीने ठेवलेल्या भाज्या एकमेकींच्या वाफेत उकडतात आणि पुन्हा तोच प्रश्न येतो: भाजायलीस का उकडायलीस?

ज्यांच्याकडे ज्योतही नाही आणि भट्टीही नाही त्यांनी निराश होऊ नये. जाड बुडाचा बिडाचा तवा काचेच्या शेगडीवर चालतो. तो चांगला तापवून त्यावर बोटभर जाडीच्या वांग्याच्या चकत्या थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिनिटे भाजाव्यात. ठेच्याच्या मिरच्या आणि लसूण तर तव्यावरच उत्तम होतात. मिरच्यांना आधी टोचे मारावेत, नाही तर त्या उडतात. टोमॅटो अर्धे कापून, कापलेली बाजू तव्याला लावून हलवू नयेत. स्वतःहून सुटले की झाले असे समजावे.

रताळ्याचे शास्त्र उलटे आहे, म्हणून ते निराळे सांगतो. त्याला घाई चालत नाही. साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान त्यातील एक पाचक द्रव्य पिष्टाची साखर करीत असते. फुफाट्यात रताळे त्या टप्प्यातून सावकाश जाते, म्हणून गोड होते. झटपट भट्टीत मिनिटांत शिजविलेले रताळे तो टप्पा धावत ओलांडते आणि पिठूळ राहते. तेव्हा महाशिवरात्रीला रताळी सालीसकट, न कापता, भट्टीत थंडीपासूनच ठेवावीत, १९०-२०० अंशांवर तासभर होऊ द्यावीत. पन्ह्यासाठी कैरीही अशीच अख्खी भाजावी. उकडलेल्या कैरीच्या पन्ह्यापेक्षा ह्या पन्ह्याला खोली येते.

राहता राहिला धूर. त्याविषयी थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण भाजण्याचा विषय निघाला की आमच्या वयाची मंडळी चुलीच्या आठवणींनी गहिवरू लागतात. मातोश्रींच्या देखत असे कोणी बोलले की त्यांचे एक वाक्य ठरलेले असते: "चुलीचं कौतुक तिला न फुंकणाऱ्यांनी करावं." काचीगुड्याच्या घरात प्रथम लाकडाची चूल होती, मग कोळशाची आणि भुशाची शेगडी आली, मग रॉकेलचा स्टोव्ह, आणि बऱ्याच वर्षांनी गॅस. चुलीची वीस वर्षे त्यांनी फुंकणी हातात घेऊन काढली. त्यांचा सकाळचा खोकला आम्ही लहानपणी घराचा आवाजच समजत असू. तो आजार आहे हे आम्हांला कळावयास आमचीच पन्नाशी उलटावी लागली. चुलीच्या धुराने बायकांच्या फुफ्फुसांची आणि डोळ्यांची हानी होते, हे वैद्यकाने आता निर्विवाद सिद्ध केले आहे. १९९९ साली आंध्र प्रदेशात 'दीपम्' योजना आली, २०१६ साली देशभर 'उज्ज्वला' आली; लाखो घरांत गॅस पोहोचला तो बायकांचा श्वास वाचावा म्हणूनच. आम्हां पुरुषांना भरताची चव आठवते. ती कोणाच्या श्वासावर आली होती हे आठवत नाही. ही गोष्ट कबूल केल्याशिवाय आम्हांला ह्या विषयावर लिहिण्याचा अधिकार नाही.

मग चुलीतले सोबत आणण्यासारखे काय होते? त्या फजितीनंतर दुसऱ्या वर्षी षष्ठीच्या आधी सूनबाई स्वतः मातोश्रींपुढे बसली आणि म्हणाली, "आई, तुम्हांला दिसत नाही, मला येत नाही. आपण दोघी मिळून करू." भट्टीशेजारी खुर्ची मांडली. मातोश्री तीवर बसल्या. पहिली दहा मिनिटे काही नाही. मग त्या म्हणाल्या, "आता पाणी सुटलं, ऐक." खरोखरच आतून बारीक सुंऽ असा आवाज येत होता. तो आवाज थोडा बसला तेव्हा म्हणाल्या, "फिरव." पुन्हा आवाज वाढला, पुन्हा बसला, पुन्हा "फिरव." साल तडतडली तेव्हा त्यांनी नाक वर केले आणि विचारले, "देठाकडं दाबून बघ. बोट जातं का?" पन्नास मिनिटे त्या उठल्या नाहीत. आमची नात, वय वर्षे अकरा, हातातले सारे सोडून हा प्रकार पाहत होती. वांगे आवाज करते हे तिला नवीन होते. आम्हांलाही नवीन होते, हे आम्ही तिला सांगितले नाही.

चुलीपुढे बसण्यात जे होते ते हे. लाकूड आणि धूर हे त्या काळी दुसरे साधन नसल्यामुळे सोसलेले. पण विस्तवावर ठेवलेल्या वस्तूकडे कान, नाक आणि हात देऊन बसणे, ही त्या बायकांची विद्या होती. ती काचेच्या शेगडीपुढेही बसता येते. काटा लावून उठून जाण्याची सोय झाली, आणि ती पुष्कळ पदार्थांना योग्यच आहे; भाजण्याला मात्र ती लागू पडत नाही.

वांगे सोलल्यावर मातोश्रींनी वास घेतला. म्हणाल्या, "भाजलं. पण विस्तवाचं नाही." मग थोडे थांबून, "एक निखारा मिळाला असता तर?"

निखारा! भाजी विजेवर भाजली असली तरी धुंगार देता येतो, हे सर्वांना ठाऊक आहे: ठेचलेल्या भरतात मधोमध वाटी ठेवावी, वाटीत पेटता कोळसा, त्यावर चार थेंब तूप, आणि लगेच झाकण, तीन-चार मिनिटांत धुराचा वास भरतात उतरतो. परंतु ज्या घरात ज्योत नाही तेथे कोळसा पेटवावा कशावर? आमच्या इमारतीत गच्चीवर विस्तव पेटविण्यास मनाई आहे, आणि ती मनाई रास्त आहे. आम्ही विचार करीत असता मातोश्री नातीच्या मुलीसाठी ठेवणीतला आवाज काढून म्हणाल्या, "आमच्या काळी चूल विझली तर शेजारी विस्तव मागायला जायचो. गोवरीचा तुकडा न्यायचा, त्यावर निखारा घेऊन यायचं. तू जा की."

इमारतीच्या फाटकाबाहेर चिंचेखाली एका इस्त्रीवाल्याची गाडी असते. त्याची इस्त्री अजून कोळशाची आहे. आमच्या चिरंजीवांनी झाकणाचे लोखंडी कढले घेतले, मुलगी बरोबर गेली. इस्त्रीवाल्याने तेलुगूत विचारले, कशाला? चिरंजीवांनी आपल्या मोडक्या तेलुगूत सांगितले, देवाच्या नैवेद्याला. आमचा देव खंडोबा, मल्हारी. तो म्हणाला, "मल्लन्ना?" त्याचे गाव सिद्दिपेटकडचे. कोमुरवेल्लीचा मल्लन्ना त्याच्या घराण्याचा देव. संक्रांतीपासून उगादीपर्यंत तेथे मोठी जत्रा चालते. आपल्या खंडोबाला जशा म्हाळसा आणि बाणाई, तशा त्यालाही दोन बायका, मेडलम्मा आणि केतम्मा. मल्हारी आणि मल्लन्ना हे एकच दैवत, असे अभ्यासक सांगतात. इस्त्रीवाल्याला ते सांगावे लागले नाही. त्याने इस्त्रीचे झाकण उघडून त्यातला सर्वांत लाल कोळसा निवडून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

तो निखारा उद्वाहनातून आठ मजले वर आला. खिडक्या उघडून धुंगार दिला. येथे एक सूचना आवर्जून करतो: धुंगार झाल्याबरोबर कोळसा पाण्यात विझवून टाकावा, आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये. जळत्या कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. थंडीत शेगडी घेऊन दारे लावून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, असे दरवर्षी वर्तमानपत्रांत वाचावे लागते.

त्या वर्षी नैवेद्याच्या पानावर मातोश्रींनी भरीत दोनदा मागून घेतले. सूनबाई उठून आत गेल्या, त्या का गेल्या हे आम्ही विचारले नाही.

काचीगुड्याच्या चुलीवरचे भरीत आणि हे भरीत एक नव्हे. ते आता व्हावयाचे नाही, आणि ज्या खोकल्यातून ते होत असे तो आठवला म्हणजे होऊ नये असेही वाटते. परंतु गेल्या षष्ठीला भट्टीपुढच्या खुर्चीत मातोश्रींनी स्वतः न बसता पणतीला बसविले. त्या शेजारी पाटावर होत्या. पहिल्या वेळी मुलगी घाईने म्हणाली, "फिरवू का?" मातोश्री म्हणाल्या, "मला काय विचारतेस? त्याला विचार." मुलीने भट्टीकडे कान केला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता."

वाचक भगिनींना आणि बंधूंनाही, कारण हे काम बंधूंनी शिकण्यास काहीच हरकत नाही, आमची एवढीच विनंती आहे, की येत्या षष्ठीला वांगी आणताना एक वांगे जास्त आणावे. ते भाजून, धुंगार देऊन, वाटीभर भरीत भाकरीबरोबर ज्याच्याकडून निखारा मागून आणला त्याच्याकडे पोहोचते करावे. आमचा इस्त्रीवाला गेल्या वर्षी चाखून म्हणाला, चिंच कमी पडली. ह्या वर्षी त्याच्यासाठी चिंच घालणार आहोत.